वेंडेलचा नावाडी

वेंडेल टोलेफसनला बोलता येत नाही, असं कुणी म्हणालं तर गस पेलोव्स्की त्याला दुकानाबाहेर काढील. रविवारी दुपारी गसच्या दुकानामागच्या खोलीत वेंडेलची जीभ जी सुटायची, ती अंधार पडेपर्यंत थांबायची नाही. राजे, चेटकिणी, लाचखाऊ पहारेकरी, दाढदुखीने हैराण झालेला राक्षस, सगळे त्याच्याच तोंडून बोलायचे आणि प्रत्येकाचा आवाज निराळा. आणि हाच गडी सोमवारी जिल्ह्याच्या रस्ते खात्यात, जिथे तो नकाशे काढायचा, कुणी "कसा गेला रविवार?" असं विचारलं की "बरा" म्हणून कान खाजवत उभा राहायचा. छत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी त्याच्या गाठीला स्वतःचा असा एक आवाज नव्हता.

यात त्याच्या आईचा थोडा हात होता. वेंडेल तेरा वर्षांचा असताना अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या आयाबापांनी फासे टाकून पात्रं रंगवायच्या या खेळाची धास्तीच घेतली होती. वीस बाजूंच्या फाशात सैतान बसतो म्हणे, पोरं कामातून जातात म्हणे. लोरेन टोलेफसन बाई तशी शहाणी, पण एका शनिवारी ती कपडे धुवायला तळघरात उतरली आणि तिथे खेळत बसलेला आपला कोवळा मुलगा दोस्ताला म्हणताना तिला ऐकू आला, "तुझा गळा चिरून नदीत फेकीन." बाईच्या हातातली कपड्यांची टोपली जिन्यावरून गडगडत खाली. मग रडारड, पाद्रीबुवा, फासे कचऱ्याच्या डब्यात.

ते फासे परत मिळाले ते एका अटीवर. खेळताना जो स्वतःचं बोलेल त्याने एक हात डोक्यावर ठेवायचा. हात खाली असेल तर बोलतंय ते पात्र. आणि डोक्यावर हात असताना खोटं बोलायचं नाही, याची पोरांनी आईसमोर शपथ घेतली. लोरेन जिन्यावर बसून हात मोजायची आणि निवांत मनाने विणकाम करायची. पोरं मोठी झाली, पांगली, लोरेन फ्लोरिडात मुलीकडे राहायला गेली, पण नियम वेंडेलबरोबर गसच्या दुकानात आला. बाहेरच्या कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर या लोकांचा काहीतरी मोठा धंदा बुडालाय असंच त्याला वाटलं असतं. थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी डोक्याला हात लावायचंच.

नियम मोडला की गस सोडायचा नाही. साठीचा, तांबड्या दाढीचा, दुकानाचा मालक आणि खेळात खुजा लोहार. एकदा कू थाओ बेसावधपणे म्हणाला, "ते एगरोल इकडे दे." हात टेबलावरच. झालं. गस गंभीरपणे म्हणाला, "जादूगाराला भर जंगलात एगरोल हवेत. चला शोधायला." आणि ती अख्खी दुपार एगरोल शोधण्यात गेली. कू बिचारा शिक्षक, घरी वर्षाचं पोर, आठवड्यातून त्याला हीच काय ती सुट्टी. आणि ते तळलेले एगरोल त्याच्याच आईने करून दिलेले.

बायकांच्या बाबतीत वेंडेलचं गाडं कुठे अडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत असताना जनेल नावाच्या मुलीला नाचाला येतेस का विचारायचं, म्हणून त्याने आठवडाभर तयारी केली. ती हो म्हणाली तर हे बोलायचं, नाही म्हणाली तर ते बोलायचं, हसली तर अमुक करायचं. ती म्हणाली, "बघते." हे उत्तर तयारीत नव्हतं. वेंडेल "बरं" म्हणून जो निघाला तो पुन्हा त्या बाजूला फिरकलाच नाही. मुलगी शुक्रवारपर्यंत वाट बघत होती, हे त्याला वीस वर्षांनी कळलं. पुढे ऑफिसातल्या एकाने आपल्या मेव्हणीशी त्याची गाठ घालून दिली. शुक्रवारी संध्याकाळी दोघं तळलेले मासे खायला बसली.

"सुट्टीत काय करता?" बाईने विचारलं.

"एक राज्य चालवतो," वेंडेल म्हणाला. "सध्या दुष्काळ आहे."

बाईने मासा संपवला, उरलेली कोबीची कोशिंबीर डब्यात भरून घेतली आणि शुभरात्री म्हणाली.

अशा माणसाच्या टेबलावर मारेन स्कोग्लुंड आली.

ती जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. बाहीवर कायम कुणाचे ना कुणाचे केस. कूच्या मांजरीला टाके घालताना तिने त्याच्या पिशवीतून डोकावणारं खेळाचं पुस्तक पाहिलं आणि पुढच्या रविवारी चिप्सची मोठी पिशवी घेऊन हजर झाली. नियम ऐकला, लगेच डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग आधीच सांगून टाकते. मी आधी खेळायचे तिथला खेळ चालवणारा सूत्रधार जो राजपुत्र आणायचा तो माझ्या प्रेमात पडायचा. राजपुत्र, मग सेनापती, मग तर एक घोडासुद्धा. सहा महिने सहन केलं आणि सोडलं. मला इथे फक्त खेळायचंय."

"घोडा?" गसने विचारलं.

"बोलणारा घोडा."

गस पोट धरून हसला. वेंडेल हसला नाही. त्याने आपल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागून, ज्याच्या आड सूत्रधार आपले फासे आणि नकाशे लपवतो, एक हात वर काढला, डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "इथे तसं होणार नाही." मनापासून म्हणाला. सत्यानाश झाला तो तिथेच.

मारेनने आपल्या पात्राचं नाव तार्नी ठेवलं, चोरटा माल वाहणारी बाई. पहिल्याच दिवशी मंडळींना नदी ओलांडायची होती. नदी आहे म्हणजे नाव हवी, नाव आहे म्हणजे नावाडी. वेंडेलने घसा खरवडून म्हातारा आवाज काढला, "माणशी एक तांब्याचं नाणं." काम संपलं. दुसऱ्या कुणी नाणं फेकलं असतं आणि पार झालं असतं. तार्नी नावेच्या काठावर बसली.

"नावाडीबाबा, जेवलास का?"

वेंडेल गडबडला. सूत्रधाराला आजवर कुणी जेवलास का विचारलं नव्हतं. "कांदा," नावाडी म्हणाला. "कांदा आणि कालची भाकरी."

"एकटाच जेवतोस?"

"नदी असते."

त्या दिवशी पलीकडच्या काठावरचा दरोडा राहूनच गेला. शेवटी तार्नी म्हणाली, "चल ना आमच्याबरोबर." आता, सूत्रधार अशी पात्रं टोळीत सामील होऊ देत नाहीत. दर वेळी त्यांच्यासाठी वेगळं बोलावं लागतं, वेगळे फासे टाकावे लागतात, डोक्याला ताप. म्हणून वेंडेलने तिथल्या तिथे ठोकून दिलं, "मला शाप आहे, पोरी. या नावेतून कुठल्याच काठावर पाय ठेवता येत नाही." एका बाजूने कामचुकारपणा, दुसऱ्या बाजूने शाप, आणि पुढची तीन वर्षं तो त्यात अडकला.

कारण पुढच्या रविवारी मारेन येताच म्हणाली, "आधी नदीवर जाऊ. म्हाताऱ्याला लोणचं न्यायचंय." आणि मग वेंडेलच्या राज्यात काहीतरी विचित्र घडायला लागलं. खजिना असो, राक्षस असो, पळवलेला राजा असो, जे काही असेल ते नदीपलीकडे. गस एकदा वैतागला. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, तुझ्या जगात कोरडी जागा उरली नाही का? माझ्या लोहाराला संधिवात झाला."

आठवडाभर वेंडेल नकाशे काढता काढता नावाड्याच्या गोष्टी जमवायचा. नदीत सापडलेला बूट, तीन पायांचा बगळा, मेलेल्या बायकोचं गाणं, जे त्याला अर्धंच आठवायचं. प्रेमाचा शब्द त्याने नावाड्याच्या तोंडी एकदाही घातला नाही, याबाबत तो फार काटेकोर होता. वचन दिलेलं. त्यातून नावाडी सत्तरीचा, विधुर, नावेला बांधलेला. त्याच्याइतकं सुरक्षित पात्र दुसरं नव्हतं. तार्नी त्याला सगळं सांगायची, आणि तार्नीच्या आडून मारेनही काही काही सांगायची. मारेनचे वडील गेले ते नावाड्याला आधी कळलं. त्या दिवशी ती नावेत गप्प बसून राहिली. नावाडी नुसता वल्हं मारण्याचा आवाज काढत राहिला. गस आणि कूसुद्धा चिप्सच्या पिशवीला हात न लावता बसले.

तो तिच्यावर जीव जडवून बसला होता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सांगावं, तर तो तोच ठरणार, घोडा आणणारा. ती जाईल, टेबल मोडेल, कू आणि गस तोंडावर काही बोलणार नाहीत पण मनात म्हणतील, हाही तसलाच. न सांगावं, तर दर रविवारी आपल्याच तोंडातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्याचा हेवा करत बसायचं. ती त्या म्हाताऱ्याकडे बघून जशी हसायची तशी वेंडेलकडे बघून कधी हसली नव्हती. म्हणजे बघायची वेंडेलकडेच, पण.

एकदा किराणा दुकानात, साबणांच्या ओळीपाशी दोघं समोरासमोर आली. मारेनने हसून डोक्यावर हात ठेवला. "मी स्वतः साबण घ्यायला आलेय. तू?"

वेंडेलने टोपलीसकट डोक्याला हात लावला. इतका मोकळा रस्ता त्याला आयुष्यात कुणी दिला नव्हता. "नावाडी विचारत होता तुला," तो म्हणाला.

"हो?" मारेनचा हात हळूच खाली आला. "त्याला सांग, रविवारी येते."

घरी जाऊन वेंडेलने स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

जानेवारीत मारेनने सांगितलं, तिला दूर पश्चिमेला, स्पोकेनला, घोड्यांच्या मोठ्या दवाखान्यात काम मिळालंय. पुढच्या आठवड्यात निघणार.

"घोडे बोलणारे आहेत का?" गसने विचारलं, पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"शेवटच्या रविवारी एकच काम," मारेन म्हणाली. "म्हाताऱ्याला सोडवायचं."

तो रविवार आला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि गावात चिटपाखरू नाही, कारण आपल्या फुटबॉल संघाची मोठी मॅच होती आणि सगळं गाव हिरवे-पिवळे सदरे घालून टीव्हीपुढे. या खोलीतल्या लोकांना लहानपणापासून अशाच दुपारी सुरक्षित वाटत आलेलं, चिडवणारं कुणी रस्त्यावर नसायचं. गसने मंद आचेवरच्या भांड्यात छोटे सॉसेज शिजवले होते, कूने एगरोल आणले होते. वेंडेल आदल्या रात्रभर जागा होता. आज सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. आता वचनही उरलं नव्हतं; उद्यापासून ती या टेबलावर नसणार. हात डोक्यावर ठेवायचा आणि सांगायचं. त्याने आरशासमोर हात ठेवूनही पाहिला होता.

तार्नी गळ्याइतक्या पाण्यात उतरली, नावेचा दोर खांद्यावर घेतला आणि काठाकडे ओढू लागली. लोहार आणि जादूगार मागून रेटत होते. मारेनने फासा हातात घोळवला, त्यावर फुंकर घातली आणि सोडला. फासा भांड्याला आपटून परत फिरला आणि अठरावर थांबला.

"ओढली!" गस ओरडला. "नाव ओढली पोरीने!"

"म्हातारा उतरतो का?" मारेनने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"उतरतो," वेंडेल म्हणाला. "वाळूवर पाय ठेवतो."

"काय म्हणतो?"

तिघंही त्याच्याकडे बघत होते. वेंडेलने पुठ्ठ्याचा आडोसा मिटला आणि बाजूला ठेवला. इतक्या वर्षांत त्याने खेळ चालू असताना तो कधी काढला नव्हता. त्याचा उजवा हात वर निघाला. खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. आणि कान खाजवून खाली आला. ज्या हाताला आयुष्यभर कानाचीच वाट माहीत, तो आणखी वर कसा जाणार? पण तोंड उघडलेलं होतं आणि आता ते मिटेना.

"मला वाटायचं, मी सगळ्यांना पार नेतोय," तो म्हणाला. घसा खरवडला नाही, म्हातारा आवाज काढला नाही. "तसं नव्हतं. मी एकाच माणसाची वाट बघत असायचो. तू आल्यावर काय सांगायचं ते मी आठवडाभर जमवायचो. निम्मं सांगायचं राहूनच जायचं. तू जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, तुला जायलाच हवं. पण तू गेल्यावर रविवारचं काय करायचं ते मला कळत नाही. मला तू फार आवडतेस. एवढंच होतं."

भांडं खदखदत होतं. मारेनच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

मग गसने टेबलावर मूठ आपटली. "आवाज बघितलात त्याचा? म्हाताऱ्याची घरघर गेली! शाप उतरला म्हणून आवाज तरुण झाला! अरे वेंडेल, हरामखोरा, तीन वर्षं हे राखून ठेवलं होतंस?"

"कमाल केलीस, बाबा," कू डोळे पुसत म्हणाला. "मी याच्यापुढे पाणी भरतो."

आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेलला ओरडून सांगायचं होतं की शाप नाही, नावाडी नाही, मी, मी आहे. हात मांडीखाली दाबला गेला होता तो निघेना. टाळ्या वाजल्यावर कोण सांगणार?

मारेनने त्याच्याकडे बघत बाहीने गाल पुसले. मग हात टेबलावरच ठेवून म्हणाली, "ये, म्हाताऱ्या. काठ इथेच आहे." तार्नीने नावाड्याला मिठी मारली आणि खेळ संपला.

मागच्या दाराबाहेर गाड्या लावायची जागा होती. पाच वाजायच्या आतच अंधारून आलं होतं, नदीवरून बोचरा वारा येत होता. मारेनने गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडलं, वेंडेलने उरलेले सॉसेज तिच्या मागच्या सीटवर ठेवले. गस आतच भांडी घासत होता. खरं तर त्याला निरोप देता यायचा नाही म्हणून तो बाहेर आला नव्हता.

"वेंडेल," मारेन म्हणाली. तिने हातमोजा काढला आणि उघडा हात लोकरीच्या टोपीवर ठेवला. "त्या नदीवर रविवार नसतो. तीन वर्षांत तुझ्या जगात मी एकही वार ऐकला नाही. मग ते कोण बोललं?"

वाऱ्याने तिची बोटं लाल होत होती. तिने हात काढला नाही. सूत्रधार म्हणून वेंडेल ज्या कोपऱ्यात लोकांना अडकवायचा, तिथून सुटायला तो नेहमी एक दार ठेवायचा. आज कुणीतरी त्याच्यासाठी दार उघडून, धरून उभं होतं. एक शब्द बोलायचा होता. तो शब्दही लहानसा होता, मी.

त्याचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. "नावाडी," तो म्हणाला.

मारेनने त्याच्या खिशांकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे. हात डोक्यावर तसाच ठेवून ती थांबली. नियम तिला पाठ होता, खिशातल्या हातांचा अर्थ काय होतो हे तिला कळत होतं. ती आणखी थोडी थांबली, एवढी थांबली की दुसऱ्या कुणाला पुरलं असतं.

शेवटी वेंडेलचा हात खिशातून निघाला. वर गेला, कान ओलांडला आणि डोक्यावर टेकला.

"जिल्हा रस्त्यावरच्या पुलावर बर्फ धरलंय," वेंडेल म्हणाला. "सावकाश जा."

"बरं," मारेन म्हणाली. तिने हात खाली घेतला, हातमोजा चढवला. मग पुढे होऊन तिने त्याला एकदा घट्ट मिठी मारली आणि गाडीत बसली. गाडी कोपऱ्यावर थांबली, उजवीकडचा दिवा लुकलुकला, आणि वळली.

एगरोलचा रिकामा डबा घेऊन कू बाहेर आला तेव्हा वेंडेल बर्फात तसाच उभा होता, डोक्यावर हात ठेवून. कूने सवयीने विचारलं, "बोल, ऐकतोय. काय म्हणतोयस?"

"तिला सांगायचं होतं."

"मग?"

"सांगितलं," वेंडेल म्हणाला. "पुलावर बर्फ आहे म्हणून."